दोन फूट बाय दीड

गणपती पेठेतल्या गाळ्यात
माझ्या वाट्याला आलेलं टेबल दोन फूट बाय दीड.
तेही सकाळी आठ ते दोन.
दोननंतर ते रेहाना शिकलगारचं.
मगदूम काकांनी भाडं सांगितलं, किल्ली दिली,
आणि म्हणाले, सजवा की कसं सजवायचं ते,
फक्त भिंतीला खिळा मारू नका,
भिंत अजून वली हाय आतनं.

भिंतीवर एक रेघ आहे.
उरलेल्या चहाच्या रंगाची,
कुणी पट्टी लावून ओढावी इतकी सरळ.
तीनदा रंग दिला म्हणतात. तीनदा वर आली.
खुर्चीत बसलं की ती माझ्या डोक्याच्या वर चार बोटं,
म्हणजे रोज सहा तास
मी पाण्याखाली बसून बेदाण्याची बिलं करते.

पहिल्या दिवशी कॅलेंडर आणलं रेघ झाकायला.
चिकटपट्टीनं लावलं. जेवायच्या सुट्टीत
ते आपणहून खाली आलं,
सोबत रंगाचा एक पापुद्रा घेऊन.

मग नियम केला:
एका पिशवीत, एका खेपेत
उचलता येईल तेवढंच मांडायचं.

हरिपूरच्या घरात त्या ऑगस्टमध्ये
शेजाऱ्यांच्या गच्चीवर मी तीन खेपा केल्या.
पहिलीत सासूबाईंची औषधं आणि कागद.
दुसरीत शेगडी. तिसरीत गहू, भिजू नये म्हणून डोक्यावर.
चौथी राहिली.
चौथीत नुसत्या चांगल्या दिसणाऱ्या वस्तू होत्या.
त्यांच्यासाठी रडायचं कसं,
माणसं शाबूत असताना?
मी कुणाजवळ बोलले नाही.

तर टेबलावर आता:
हिरव्या काचेची गोटी, कागद उडू नयेत म्हणून.
पुतणीनं काढलेलं मांजर, पाच पायांचं.
(पाचवी शेपूट आहे, असं तिचं म्हणणं.)
एक हळकुंड, शेजारच्या अडत्यानं नमुना म्हणून दिलेलं.
त्याची तशी गरज नव्हती;
पेठेतली हळद दुपारपर्यंत
टेबलावर आपोआप साय धरते.
बोटानं तिच्यात बेरीज करता येते.

रेहानाला मी एकदाच पाहिलं,
दोनच्या ठोक्याला, उंबऱ्यात, चपला घालता-काढताना.
बाकी ती मला खुणांनी माहीत:
खुर्ची दोन आटे खाली,
माऊस डावीकडे,
खणात लवंगेचा वास, एक केसाची पिन.
माझ्या मांजराला तिनं हात लावला नाही.
फक्त एका सोमवारी
त्याच्या पुढ्यात पेन्सिलीनं काढलेली वाटी होती.

आणि श्रावणात, नदी बातम्यांत यायला लागली त्या आठवड्यात,
टेबलावर अर्धा भोपळा.
आत-बाहेर घासलेला, मधाळ, कडेला चीर.
खाली बिलाच्या पाठीवर लिहिलेलं:
अब्बांनी तंबोऱ्याला आणलेला. वाळताना तडकला.
आवाजाला चालत नाही, पेनांना चालेल.

मी तो कानाला लावला.
लहानपणी आमच्या पाठीला असाच अख्खा भोपळा बांधून
संगमात ढकलून द्यायचे थोरले.
ओरडत जायचो, तरंगत यायचो.

दीडला गाळा रिकामा झाला
तेव्हा मागच्या मोरीतली बादली भरली
आणि भोपळा वर सोडला.
जरा डुगडुगला. मग बसला पाण्यावर,
पाहुणा पाटावर बसतो तसा, ऐसपैस.
पुन्हा दाबला. पुन्हा वर.

काय करतायसा? मागं मगदूम काका.
बघत होते, बुडतो का.
त्यांनी बादलीत पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.
भोपळा ऱ्हाईल ओ, म्हणाले,
पेनं बुडतील की.

पुसून घेतला पदरानं.
तीन पेनं ठेवली, एक तिची, दोन माझी.
नियमात बसतो का, याचा विचार
पिशवी भरायची वेळ आली की करू.
उजवीकडे ठेवला होता, तो उचलून
डावीकडे सरकवला.
ती डावखुरी आहे.
दोन वाजायला आले.